इंजिन नसलेली मालगाडी आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा

नाशिक रोडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जपानमधली इंजिनाशिवाय पळणारी कंटेनर गाडी पाहून "मला हेच करायचंय" म्हणते. वडील विचारतात, अशी गाडी आपल्याकडे दिसत नाही, मग नोकरी कोण देणार? सरळ बँकेच्या परीक्षेला बसवू का?

नमस्कार. बँकेचं तूर्त राहू द्या.

कसाऱ्याच्या लोकलला वेगळं इंजिन नसतं, मोटारी डब्यांखालीच असतात. हेच तंत्र जेआर फ्रेट या जपानी मालवाहू रेल्वे कंपनीच्या एम250 गाडीत आहे. 2004 पासून ती टोकियो-ओसाका धावते. डबे 16. दोन्ही टोकांचे दोन-दोन मोटारीचे, त्यांवर एकेक कंटेनर. मधल्या बारांवर दोन-दोन. एकूण 28. ताशी 130 किलोमीटरपर्यंत जाते, वेग पटकन घेते आणि शेवटच्या स्टेशनात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची कटकट नाही.

तुमची शंकाही रास्त आहे. मोटारीचा डबा महाग, त्याची देखभाल वेगळी, आणि रेक, म्हणजे डब्यांची जोडणी, ठरलेला. आज चाळीस वाघिणी, उद्या तीस असं जमत नाही. जपानमध्येही ही गाडी एका कुरिअर कंपनीच्या पार्सलांसाठीच चालते. वंदे भारतच्या धर्तीवर मालगाडी आणायची योजना आपल्या रेल्वेनेही मांडली आहे, पण योजनेच्या भरवशावर पोरीचं करिअर टांगू नका.

तिनं मोटार आणि तिला वीज पुरवणारा कन्व्हर्टर धरावा. मोटार इंजिनात बसो की वाघिणीखाली, हे काम सुटत नाही. लोकल, मेट्रो, वंदे भारत, दाहोदची 9000 अश्वशक्तीची मालगाडी इंजिनं, सगळीकडे थ्री-फेज, म्हणजे तीन तारांतून येणाऱ्या एसी विजेवरची मोटारच. आणि तुम्ही तर नाशिक रोडचे! ट्रॅक्शन मोटारी, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटारी, दुरुस्त करणारी रेल्वेची कार्यशाळा तिथेच, रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी 'इरीन' संस्थाही तिथेच. कॉलेजचं पत्र घेऊन कार्यशाळेत प्रशिक्षणासाठी विचारा. जुन्या डीसी (एकाच दिशेच्या विजेवरच्या) मोटारीचा कॉम्युटेटर, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, त्यावर घासून झिजलेले कार्बन ब्रश तिनं एकदा डोळ्यांनी बघावेत. थ्री-फेज इंडक्शन मोटारीत हे दोन्ही नसतात. रेल्वेनं डीसी का सोडलं ते तिला तिथेच कळेल.

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्या, गुण डिप्लोमाचेच धरतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्हज (मोटारीवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा) हे विषय घासून करायचे. सोबत रेल्वे भरती मंडळाची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा द्यावी. त्याला डिप्लोमा चालतो. असिस्टंट लोको पायलटची जाहिरात दिसली की सगळे धावतात, पण ते गाडी चालवण्याचं काम. हिला गाडी बनवायची आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला नसेल तर लहान इंडक्शन मोटारीचा व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग बदलणारं उपकरण, घ्यायला सांगा. मात्र तयार मॉडेल विकत आणून देऊ नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.