इन्हेलरचा कोणता प्रकार वापरायला सर्वांत सोपा?

तुमच्या आईंना दम्यासाठी फवाऱ्याचा पंप दिलाय, तो जमत नाही, म्हणून पावडरचा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. रुग्णांना इन्हेलर घ्यायला शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून उत्तर देते.

आधी त्यांना नेमकं काय जमत नाही ते बघा. फवाऱ्याच्या पंपात दाबणं आणि श्वास ओढणं एका वेळी साधावं लागतं. ओढायचं सावकाश, चार-पाच सेकंद, आणि मग दहा सेकंद श्वास रोखायचा. दाबायची वेळ चुकली की औषध घशातच बसतं. अडचण एवढीच असेल तर पंप बदलायची गरज नाही, स्पेसर लावा, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायचं पोकळ नळकांडं. औषध त्या नळकांड्यात थांबतं आणि माणूस सवडीने ओढून घेतो. मोठा दिसतो, चारचौघांत काढायला संकोच वाटतो म्हणून लोक तो घरी कपाटात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पावडरच्या इन्हेलरला दाबायचं नसतं, त्यामुळे तो पुष्कळांना आवडतो. पण त्यात औषध ढकलणारा गॅस नसतो. पावडर फुप्फुसापर्यंत न्यायची ती आपल्याच श्वासाच्या जोरावर, म्हणजे जोरात आणि खोल ओढायला हवं. फार धाप लागलेल्या किंवा अशक्त माणसाला तेवढा जोर लावता येईलच असं नाही. कॅप्सूलच्या प्रकारात दर वेळी कॅप्सूल भरावी लागते, थरथरत्या बोटांना ते जड जातं. मात्र कॅप्सूल फिरल्याचा आवाज येतो, नंतर ती रिकामी झालेली दिसते, आणि औषध गेल्याची खात्री पटते. वयस्कर मंडळींना ही खात्री फार मोलाची वाटते. कोणत्याही पावडरच्या इन्हेलरमध्ये फुंकर मात्र मारू नये, ओलाव्याने पावडर चिकटते.

संथ धुक्यासारखं औषध सोडणारा इन्हेलरही असतो. त्यातून ओढणं सोपं, पण त्याचा तळ फिरवायला मनगटात ताकद लागते. संधिवात असेल तर आधी हातात घेऊन बघा.

आईंना रोजचा एक आणि धाप लागल्यावरचा एक असे दोन इन्हेलर असतील, तर शक्यतो दोन्ही एकाच प्रकारचे मिळतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. एकात सावकाश ओढायचं आणि दुसऱ्यात जोरात, यात भले भले गोंधळतात.

स्वतःहून बदल करू नका. पुढच्या भेटीला इन्हेलर बरोबर न्या आणि आईंना तो डॉक्टरांसमोर घेऊन दाखवू द्या. औषधात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं, एवढं त्यांना आजच सांगा.