ते घरी असले की काही वाटत नाही

लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून एकच प्रश्न विचारतात : "पहिल्यासारखं काही वाटत नाही, म्हणजे प्रेम संपलं का?" रत्नागिरीत हा प्रश्न जून-जुलैत जास्त येतो. मासेमारी बंद असते आणि एरवी समुद्रावर असणारा नवरा दिवसभर घरात असतो.

सुप्रिया (नाव बदललं आहे) अशीच आली. घरच्यांशी भांडून केलेला प्रेमविवाह, नवरा मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. "मॅडम, हे बाहेर असले की फोनला रेंज कधी येते म्हणून जीव वरखाली होतो. आता समोर बसलेत, तर बोलायला सुचत नाही. चुकलं का आमचं?"

आधी मी तिला मेंदूतलं सांगितलं. हवीशी गोष्ट मिळेल की नाही अशी अनिश्चितता असली की डोपामिनला, म्हणजे मेंदूत ओढ जागवणाऱ्या रसायनाला, जोर येतो. फोनची वाट बघणं त्यालाच खतपाणी घालतं. इटलीतल्या मानसोपचारतज्ज्ञ डोनातेल्ला माराझ्झिती यांनी 1999 साली नुकत्याच प्रेमात पडलेल्या 20 जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन वाहून नेणारं प्रथिन त्यांच्यात मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) असलेल्या रुग्णांइतकंच कमी होतं. त्यातल्या काहींना 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ते पूर्ववत झालेलं होतं. ते झपाटलेपण ओसरण्यासाठीच असतं. कायम राहिलं तर संसार होणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

तिने मान डोलावली, पण चेहरा उतरलेलाच. मग एका भेटीत प्रेमाचा विषय बाजूला ठेवून मी झोपेबद्दल विचारलं.

"हे नसताना? वाऱ्याचा इशारा आला की रात्रभर कूस बदलते."

"आणि आता?"

ती बराच वेळ गप्प होती. "आता पडल्या पडल्या लागते. पत्र्यावर पाऊस कितीही वाजू दे." आणि एकदम म्हणाली, "म्हणजे काही वाटत नाही म्हणते, ते हेच का?"

इतक्या वर्षांच्या कामात माझा विश्वास पक्का झालाय की जवळिकीची पहिली खूण शरीर देतं, तीही शांत होऊन. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 16 विवाहित स्त्रियांना सौम्य विजेच्या झटक्याची भीती घालून त्यांचे मेंदू तपासले. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याची खळबळ कमी झाली. नातं जितकं चांगलं, तितकी ती जास्त कमी झाली. अनोळखी हाताने तेवढा फरक पडला नाही.

म्हणून माझं सांगणं : धडधड मोजू नका, झोप आणि श्वास बघा. मात्र घरात माणूस आला की पोटात गोळा येत असेल, तर इथलं काहीच लागू नाही. त्यासाठी वेगळी मदत घ्या, लगेच. शांतता असेल तर तिच्यात थोडं नवेपण मुद्दाम घाला. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन यांच्या प्रयोगांत, एकत्र काहीतरी नवं आणि उत्साहाचं केलेल्या जोडप्यांना नातं अधिक समाधानाचं वाटलं. सुप्रिया नवऱ्याकडून जाळं दुरुस्त करायला शिकली. हात चालू असले की बोलणंही आपोआप सुचायचं.

आणि नवरा बोटीवर किंवा जहाजावर असेल, तर तो परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात नात्याबद्दल कसलाच निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत दोघांनाही एकमेकांच्या झोपेच्या, जेवणाच्या वेळा नव्याने जुळवायच्या असतात.