लस कोणती आणि सीरम कोणतं?

प्रश्न असा आहे: कुत्रा चावल्यावर एक इंजेक्शन दंडात देतात, दुसरं थेट जखमेत. दोन्हींना 'रेबीजची लस' म्हणायचं का?

नाही. दंडातली तेवढी लस. जखमेतलं रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयती प्रतिपिंडं (विषाणूला धरून निकामी करणारी प्रथिनं, अँटिबॉडी). दवाखान्यात त्याला सर्रास 'सीरम' म्हणतात आणि तेच बरं. 'रक्तजल' हा त्याचा मराठी प्रतिशब्द केसपेपरवर कोणी लिहीत नाही. (लस हा शब्द मात्र 'जखमेतून लस येते' यातलाच. देवीची लस फोडातूनच काढत.)

लशीत मारलेला विषाणू असतो. त्याच्या पृष्ठभागावरचं जी प्रथिन हे मुख्य प्रतिजन, म्हणजे शरीर ज्याला ओळखून प्रतिपिंडं बनवतं तो भाग. कातडीतल्या डेन्ड्रायटिक पेशी (पहारेकरी पेशी) ते उचलून लसिकागाठीत (लिम्फ नोडमध्ये) नेतात, तिथे टी पेशींच्या मदतीने बी पेशी (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी) वाढतात आणि प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. कातडीत या डेन्ड्रायटिक पेशी भरपूर, म्हणून तिथे दोन जागी प्रत्येकी 0.1 मिलीवर भागतं. लस द्यायचे दिवस 0, 3, 7 आणि 28. पण पुरेशी प्रतिपिंडं यायला 7 ते 14 दिवस जातात.

विषाणू तोवर थांबत नाही. त्याचं पी प्रथिन पेशींचा इंटरफेरॉनचा (विषाणू आल्याची खबर देणाऱ्या प्रथिनाचा) इशारा दाबतं, आणि एकदा तो मज्जातंतूत शिरला की प्रतिपिंडांच्या हाती लागणं कठीण. त्याला जखमेतच गाठायचं काम सीरमचं. वजनाच्या किलोमागे माणसाच्या रक्तातून काढलेलं 20 किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेलं 40 आंतरराष्ट्रीय एकक (IU); म्हणजे 60 किलोच्या माणसाला घोड्याचं जास्तीत जास्त 2400. जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुऊन मग सीरम तिच्यात आणि भोवती मुरवायचं. जखमा खूप असतील तर सीरममध्ये सलाइन मिसळतात, डोस वाढवत नाहीत.

लस आणि सीरम एकाच सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी दिली, तर प्रतिपिंडं लशीतल्याच प्रतिजनाला धरून बसतात. पहिल्या लशीला 7 दिवस उलटले की सीरम देत नाहीत, कारण शरीराची स्वतःची प्रतिपिंडं सुरू झालेली असतात आणि बाहेरची त्यांना अडथळा करतात. पूर्वी लशीचा कोर्स पूर्ण झाला असेल तर स्मृतिपेशी (प्रतिजन लक्षात ठेवणाऱ्या पेशी) तयार असतात: दिवस 0 आणि 3 ला लस, सीरम नाही. रक्त न येता नुसतं खरचटलं, तरी सहसा लसच.

म्हणून डॉक्टरांना 'दोन्ही लशी झाल्या' असं मोघम सांगू नका. लशीच्या तारखा वेगळ्या सांगा, सीरम मिळालं की नाही ते वेगळं.