पोळ्यातल्या सामन्यात बसलेला मार

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मी दारव्हा तालुक्यातला, वय २६. गावच्या कबड्डी संघात चढाई करायचो. तीन वर्षांमागे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सामन्यात पकडीत समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला. उठून मी पुढची चढाईही केली म्हणतात, मले काहीच आठवत नाही. दवाखान्यात गेलो नाही. आता डोकं दुखते, वाचलेलं राहत नाही, घरच्यांवर चिडतो. पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. मेडिकलमध्ये डोक्याच्या माराचं विचारलं तर? मित्र म्हणतात, ‘नाही म्हणून लिहून टाक ना बावा, कायले भानगड!’

उत्तर : ‘चढाई केली म्हणतात, मले आठवत नाही.’ तुमचं हे वाक्य मी तीनदा वाचलं. मेंदूला हादरा बसल्याची, म्हणजे कन्कशनची, ही मोठी खूण आहे. त्यात बहुतेकांची शुद्ध जात नाही. सीटी स्कॅनही बहुधा चांगलाच येतो, कारण बिघाड असतो तो पेशींच्या कामात. मग ‘भोवळ आली होती’ म्हणून गोष्ट तिथंच मिटते.

ग्रामीण रुग्णालयात असताना मीही चुकलो. एक कबड्डीपटू डोकेदुखीसाठी तीनदा आला. गोळ्या दिल्या, चष्म्याचा नंबर पाहायला सांगितला, कागदावर ‘ताण’ लिहिलं. चौथ्यांदा त्याची माय सोबत आली. म्हणाली, ‘खेळात पडला तवापासून पोरगं दुसरंच झालं जी.’ मी विचारलंच नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

४ डिसेंबर २०२० ला कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तोही डाव संपेपर्यंत खेळला होता. पण तिथं तपासणारे होते, आणि डोक्याला मार बसलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घेऊ देणाऱ्या २०१९ पासूनच्या नियमामुळे त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला. आपल्या मैदानावर बर्फाचा खडा मिळतो, नोंद मिळत नाही.

‘नाही’ लिहू नका. उद्या त्रास वाढला, तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध बोलेल. आधी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. त्या दिवशी मैदानात असलेल्या एखाद्या मित्राला सोबत न्या, तुम्हाला न आठवणारं तोच सांगेल. डोकं किती दिवस दुखलं, उलटी झाली का, त्याआधी कितीदा मार लागला, हे लिहूनच न्या. स्मरण, लक्ष, तोल तपासतील. पण माराआधीची तुमची नोंद नसल्यानं तुलना इतरांच्या सरासरीशीच होते. म्हणून दहावी-बारावीच्या गुणपत्रिकाही ठेवा, आधीचे तुम्ही कसे होता ते थोडं तरी दिसेल. झोप, रक्तदाब, डोळेही पाहू द्या. तीन वर्षांनंतरची प्रत्येक डोकेदुखी त्याच गुडघ्याची असते असं नाही, आणि यातल्या बऱ्याच त्रासांवर उपचार आहेत.

अजून खेळता का, ते तुम्ही लिहिलं नाही. खेळत असाल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात उतरू नका. झटका आला, उलट्या सुरू झाल्या किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री गाडी करून निघा.