शून्यं खोडू नका

प्रश्न: माझा प्रकल्प पाइनवरच्या प्रोसेशनरी पतंगावर (रांगेनं चालणाऱ्या, पाइनची पानं खाणाऱ्या अळ्यांचा पतंग) आहे. जंगलाच्या कडेने जात दहा झाडांवरची अळ्यांची रेशमी घरटी मोजली: 0, 0, 0, 1, 0, 12, 9, 0, 1, 7. सरासरी 3 आली. ती अख्ख्या जंगलाला लावू का? आणि रिकामी झाडं वगळली तर चालेल?

उत्तर: अजिबात वगळू नका. ती पाच शून्यं खोडलीत की सरासरी 3 ची 6 होईल आणि जंगलात एकही जादा अळी नसताना कीड दुप्पट दिसेल.

तुमच्या आकड्यांचा व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप, मी काढून पाहिला: सुमारे 20.7. घरटी निव्वळ योगायोगानं विखुरलेली असती, तर तो सरासरीच्या आसपास, म्हणजे 3 च्या जवळ आला असता. इथे जवळपास सातपट आहे, म्हणजे कीड झुबक्यांनी आहे. त्यात नवल नाही. मादी सगळी अंडी एकाच पुंजक्यात घालते आणि अळ्या एकत्र राहतात. त्यातून कडेच्या, मोकळ्यावरच्या झाडांवर ही घरटी जास्त असतात, कारण तिथे ऊन मिळतं. म्हणून कडेचा आकडा आतल्या झाडांना लावायचा नाही. कड आणि आतला भाग वेगळा मोजा, मग क्षेत्रफळाच्या प्रमाणात दोन्ही सरासऱ्या एकत्र करा.

आतली झाडं नजरेनं निवडू नका. नजर घरट्याकडेच जाते, माझीसुद्धा. किती पावलांवर थांबायचं ते घरीच ठरवून निघा. दुर्बीण घ्या, झाड दोन बाजूंनी पाहा. मळकट, फाटकी घरटी बहुधा गेल्या हंगामातली. ती धरू नका.

किती झाडं? व्हेरिअन्स एवढाच राहील असं धरून, प्रमाणत्रुटी (नमुन्यातून काढलेली सरासरी साधारण कितीनं चुकू शकते, तो आकडा) सरासरीच्या 25 टक्क्यांवर आणायला 37 झाडं पुरतील. 10 टक्क्यांचा हट्ट धरलात तर 230! कीड-नियंत्रणाच्या निर्णयासाठी मला 37 पुरेशी वाटतात. एवढी झाडं प्रत्येक भागात वेगळी लागतील, आणि आतल्या भागाचा व्हेरिअन्स हाती आला की तिथला आकडा पुन्हा काढा.

घरटं खाली पाडून अळ्या मोजण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यांचे बारीक केस कातडीला आणि डोळ्यांना भयंकर त्रास देतात, जुन्या घरट्यातलेसुद्धा.