५० हजारांत लहान मुलींच्या कपड्यांचा ब्रँड काढायचाय, त्यातले २५ हजार जाहिरात आणि फोटोशूटला ठेवलेत. बरोबर आहे का?

नाही. पहिल्या हंगामात इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला एक रुपयाही लावू नका. ते पैसे कापडात, अस्तरात आणि चांगल्या कारागिराच्या मजुरीत घाला.

मी कोल्हापुरात खणाचे फ्रॉक आणि परकर-पोलकी शिवून विकते. तुमच्या प्रश्नातला वाद आमच्या घरात धाकट्या दिरांशी होऊन गेलाय. त्यांचं म्हणणं, "वहिनी, शिवण कोण बघतं? फोटो झकास पाहिजे." खरी वादावादी झाली ती मायेवरून, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडावरून. मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडते आणि घेराला रुंद दुमड घालते, म्हणजे मूल वाढलं की उसवून मोठा करता येतो. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मुळात लहान, त्यामुळे इंचभर जास्त घेतलं तरी कटिंगचं सगळं गणित हलतं. भावजी म्हणाले, "एक तर कापड वाया घालवताय, वर तोच फ्रॉक पोरीला पुढच्या वर्षीही झाला तर नवीन घेणार कोण?"

पाडव्याच्या आधी बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल लावला, तेव्हा ते शेजारीच बसले होते. येणारी प्रत्येक आई फ्रॉक हातात घेतला की आधी उलटा करायची आणि काखेतल्या शिवणीवरून बोट फिरवायची. खण आतून टोचतो, हे प्रत्येकीला माहीत असतं. म्हणून मी काखेपर्यंत मलमलचं अस्तर लावते आणि शिवण त्यात बंद करते. एका आजींनी माया अंगठ्याने मापली, लेकीला म्हणाल्या, "दोन दिवाळ्या जातोय बघ," आणि दोघी नातींसाठी घेतले. पुढे त्याच घरातून तिसरीच्या बारशाची ऑर्डर आली. कापड वाया जातं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे: ज्या आईचे पैसे वसूल होतात, ती चार जणींना सांगते. व्हॉट्सॲप स्टेटसला मी आजही फ्रॉकची आतली बाजू टाकते, चौकशा त्यावरच येतात.

सुरुवातीला दोनच डिझाइन ठेवा. मापं वयावर लिहू नका, छाती आणि उंची इंचात द्या. तीन वर्षांच्या दोन मुली एका मापाच्या नसतात. नवीन ताका आला की तळहाताएवढा तुकडा कापून पांढऱ्या फडक्याबरोबर धुवा. लाल रंग हमखास दगा देतो. अस्तराची मलमल कापण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर ती आटते आणि फ्रॉक पहिल्या धुण्यातच गोळा होतो. किंमत काढताना स्वतःच्या शिलाईची मजुरी धरा. घरातली बाई शिवते म्हणून ती फुकट, हा हिशोब मला अजिबात मान्य नाही. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला नकोच, पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचं भाडं आपल्याच अंगावर पडतं.

आता हेही सांगायला हवं की जाहिरात कायमचीच नको असं नाही. माल पुन्हा मागितला जायला लागला की जरूर करा. आणि तिरुपूरहून तयार टी-शर्ट आणून त्यावर छपाई करणार असाल तर माझं निम्मं बोलणं लागू नाही, तिथे टी-शर्ट सगळ्यांकडे सारखाच असतो, चित्र आणि फोटोच विकतात.

जीएसटी: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, परराज्यात पाठवणार असाल तर साधारणपणे आधीपासूनच लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के दर आहे. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, नोंदतात, एका व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क पडतं. लोगोवाल्याला पैसे देण्याआधी ते नाव कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधा. शोधायला पैसे लागत नाहीत.