स्टारलिंकची माळ सांगलीतनं बघायची तर लाँचचा उशीर मोजून ठेवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लाँचच्या तीन ठिकाणी तीन वेळा मिळाल्या, एकीकडं शुक्रवार संध्याकाळ, दुसरीकडं शनिवार सकाळ आणि तिसरीकडं नुसते आकडे आणि त्याच्या मागं झेड, आणि मागच्या खेपेला पोराला घेऊन विश्रामबागेतल्या गच्चीवर नऊपर्यंत उभ्या राहिलात, काहीच दिसलं नाही, पोरगं रडत खाली गेलं. आता परत फ्लोरिडातनं स्टारलिंकचं, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या इंटरनेटच्या सॅटेलाइटचं लाँच आहे तर ती आकाशात माळेसारखी एका रांगेत जातात ते ह्यावेळी ट्रॅक कसं करायचं, एवढंच विचारलंय तुम्ही. मी साताऱ्यातनं २०१९ पासनं, म्हणजे त्यांची पहिली ६० सॅटेलाइट मे महिन्यात वर गेली तेव्हापासनं हे बघतोय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तिन्ही वेळा बरोबर होत्या, एकच वेळ तीन तऱ्हेनं लिहिलेली. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. फ्लोरिडाची वेळ दिली असेल तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडं घड्याळं पुढंमागं करतात. म्हणजे तिथं शुक्रवारी रात्री ८:४० असेल तर आपल्याकडं शनिवारी सकाळी ६:१०. वार बदलतो तिथंच लोक फसतात. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गवरनं उडणार असेल तर उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास. मी तर कुठलीही वेळ आधी यूटीसीत करून घेतो आणि मगच आपल्या वेळेत आणतो, चुकायला जागाच राहत नाही.

आता तुम्हाला माळ का दिसली नाही ते. माझ्या मते तुम्ही वेळ सकाळी बघून ठेवली आणि संध्याकाळी तीच धरून गच्चीवर गेलात. माझंही एका जानेवारीत अगदी हेच झालं. आत्याची दोन पोरं आली होती, त्यांना घेऊन यवतेश्वरच्या पठारावर गेलो, थंडी अशी की पोरांनी हात खिशातनं काढले नाहीत. सूर्य सव्वासहाला गेला, ॲपनं सकाळी ६:४० सांगितलेलं, सात वाजेपर्यंत थांबलो, काही नाही. गाडी काढली आणि खाली समर्थ मंदिरापाशी येऊन पोरांना चहा पाजत होतो तर शेजारच्या काकांचा फोन, अहो आकाशात लाइटची रांग चाललीय, हे काय आहे? ७:२० झाले होते. वर बघितलं तर डोक्यावर दुकानांचे दिवे आणि वायरी. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की लाँच बरोबर ४० मिनिटं उशिरा झालं होतं आणि माझ्या ॲपनं जुन्याच वेळेवरनं काढलेलं गणित दाखवलं होतं. पोरांच्या तोंडाकडं बघवेना मला.

त्या दिवशी जे शिकलो ते आजपर्यंत एकदाही चुकलेलं नाही. रॉकेट त्याच जागेवरनं त्याच दिशेनं उडतं, त्यामुळं ते ४० मिनिटं उशिरा उडालं तरी जमिनीवरची त्याची वाट बदलत नाही, फक्त प्रत्येक गावावरनं ते ४० मिनिटं उशिरा जातं. सातारा-सांगली एसटी स्टँडवरनं पाऊण तास लेट सुटली तर कराड, पेठ नाका, आष्टा सगळीकडं पाऊण तास लेटच येणार ना, रस्ता तर तोच, तसंच हे. म्हणून लाँचच्या आधी काढलेला अंदाज फेकून द्यायचा नाही. त्यात किती वाजताचं लाँच धरलं होतं ते लिहून ठेवायचं, प्रत्यक्षात किती वाजता उडालं ते लिहायचं, आणि दोन्हीतला फरक आपल्या गावच्या वेळेत मिळवायचा. पहिल्या दिवसापुरतं हे गणित चालतं, पुढं सॅटेलाइट स्वतःच्या इंजिनावर हळूहळू वर चढायला लागतात, मग नवीन आकडे घ्यायचे.

लाँच होण्याआधी अंदाज कुठनं मिळतो म्हणाल तर सेलेस्ट्रॅक म्हणून साइट आहे, टी. एस. केल्सो चालवतात, तिथं स्टारलिंकच्या लाँचआधीच टीएलई येतात. टीएलई म्हणजे सॅटेलाइटचा पत्ता दोन ओळींच्या आकड्यांत लिहिलेला. ते आकडे स्टेलॅरियम ह्या आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये घातले की तुमच्या गच्चीवरनं कुठनं उगवणार कुठं मावळणार सगळं दिसतं. एवढी खटपट नको असेल तर हेवन्स-अबव्ह ह्या साइटवर तुमचं ठिकाण नकाशात नीट सांगली लावा आणि तिथं बघा, पण त्यातही नवीन लाँचची वेळ कधीची धरलीय हे तपासायचंच. नुसतं पुणे लावून ठेवू नका, दोनशे किलोमीटरचा फरक पडतो आणि माळ एवढी खालून जाते की तेवढ्यानंही तिची उंची आणि दिशा बदललेली दिसते.

उशीर नेमका किती ते कळायला रात्रभर जागायची गरज नाही. स्टारलिंकच्या लाँचची विंडो बरेचदा तीन-चार तासांची असते, म्हणजे त्या वेळात कधीही उडू शकतं, आणि हवामान बघून ते लोक वेळ पुढं सरकवत राहतात. फक्त फ्लोरिडातलं हवामान नाही बरं का, बूस्टर म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा समुद्रात जहाजावर उतरायचा असतो, तिथली हवा आणि लाटा पण बघतात. पण एक ठिकाण असं आहे की तिथनं पुढं वेळ सरकवताच येत नाही. फाल्कन ९ मध्ये, म्हणजे स्टारलिंक नेणाऱ्या रॉकेटमध्ये, जो द्रव ऑक्सिजन भरतात तो उकळबिंदूच्याही बराच खाली, उणे २०७ अंशांच्या आसपास गार केलेला असतो, म्हणजे तेवढ्याच टाकीत जास्त मावतो. भरून ठेवला की तो गरम व्हायला लागतो. म्हणून भरणं सुरू होतं तेच मुळी लाँचच्या ३५ मिनिटं आधी, आणि एकदा सुरू झालं की एक तर त्याच वेळेला उडतं नाहीतर सगळं रिकामं करून परत पहिल्यापासनं. तेव्हा लाँचच्या अर्धा तास आधी एकदा बघा, इंधन भरणं सुरू झालंय अशी बातमी असली की त्या वेळेवर पक्का विश्वास ठेवायचा. त्याच्या आधीची कुठलीही वेळ पेन्सिलनं लिहायची. आणि दुसऱ्या दिवसावर गेलं तर तीच वेळ धरू नका, तीच कक्षा गाठायची असेल तर लाँच रोज साधारण २०-३० मिनिटं अलीकडं येतं, आणि बऱ्याचदा ते कक्षाच दुसरी निवडतात.

लाइव्ह आता एक्सवर असतं, उडायच्या पाचेक मिनिटं आधी सुरू होतं. पोराला ते जरूर दाखवा. अडीच मिनिटांनी खालचा टप्पा सुटतो, साडेआठ मिनिटांच्या आसपास तो जहाजावर उभा राहतो, आणि त्याच सुमाराला कोपऱ्यातला वेगाचा आकडा ताशी २७ हजार किलोमीटरच्या पुढं जाऊन थांबतो, तिथं कक्षेत गेलं समजायचं. सॅटेलाइट सुटतात ते मात्र तासाभरानंतर. सुटल्याची बातमी आल्याशिवाय मी तरी कुणाला फोन करून बोलवत नाही. जुलै २०२४ मध्ये वरच्या टप्प्यात ऑक्सिजनची गळती झाली आणि २० सॅटेलाइट फारच खाली सुटली, हवेच्या घर्षणानं गेली सगळी. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळानं वरची हवा फुगली आणि ४९ पैकी जवळपास ४० गेली होती.

आता सूर्याचं. सॅटेलाइटला स्वतःचा दिवा नसतो, आपल्याकडं अंधार झालेला असतो आणि वर ३०० किलोमीटरवर अजून ऊन असतं, ते ऊन त्यावरनं चमकतं. म्हणून संध्याकाळी सूर्य मावळल्यावर साधारण अर्ध्या तासापासनं ते तास-सव्वा तासापर्यंतच नवीन माळ दिसते, आणि पहाटे त्याच्या उलट. तुम्ही नऊपर्यंत थांबलात पण उन्हाळ्यातसुद्धा नवीन माळेला नऊ म्हणजे फार उशीर, तोपर्यंत ती पृथ्वीच्या सावलीतनं जाते. समजा शनिवारी संध्याकाळचा अंदाज ७:२० चा आहे आणि सूर्य ६:५० ला मावळतोय, तर उत्तम. पण लाँच ४२ मिनिटं लेट झालं तर माळ ८:०२ ला येणार, मग ती सांगलीवाडीच्या बाजूनं पश्चिमेला उगवेल, वर येता येता सावलीत शिरेल आणि एकेक दिवा विझल्यासारखा दिसेल, मिरजेच्या बाजूला पोचणारच नाही. अशा वेळी पश्चिमेची बाजू मोकळी असलेली जागा धरायची. पहाटेच्या माळेला बरोबर उलटं होतं, पश्चिमेकडच्या अंधारातनं मध्येच आकाशात एकेक ठिपका उमटायला लागतो आणि पूर्वेला उजेडाकडं जातो. आणि एका फेरीला चुकली तर दीड तासानं परत येईल म्हणून थांबू नका, तेवढ्यात पृथ्वी फिरलेली असते आणि माळेची वाट दोन-अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला सरकलेली असते, अरबस्तानावर.

पहिल्यांदा मी माळ बघितली ती २०२० च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊन होता, हवा कधी नव्हती एवढी स्वच्छ. आई गच्चीवर कुरडया गोळा करत होती. यवतेश्वरच्या वरनं एक ठिपका आला, त्याच्या मागं दुसरा, मग तिसरा, सगळे एकाच अंतरानं, एकाच वेगानं, आवाज काही नाही. आई म्हणाली अरे कुणीतरी दोरा ओवून ओढतंय. मी अठ्ठेचाळीसपर्यंत मोजले आणि पुढं मोजायचं विसरलो. अजिंक्यताऱ्याच्या वरनं पलीकडं गेले तरी आई चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी. आता एका खेपेला २०-३० च्या आत सॅटेलाइट असतात आणि त्यांची चमक कमी करायला कंपनीनं बरंच केलंय, त्यामुळं तेव्हासारखी लांबलचक रांग नाही दिसणार, पण पहिल्या एक-दोन दिवसांत ते ठिपके जवळजवळ चिकटून असतात आणि साध्या डोळ्यांनी छान दिसतात. आठवड्यात लांब लांब होतात, मग माळ म्हणून मजा नाही.

वनवेब ह्या दुसऱ्या इंटरनेट सॅटेलाइटवाल्या कंपनीचं कुणीतरी मध्ये विचारलं होतं म्हणून सांगतो, त्यांची काही सॅटेलाइट आपल्याच इस्रोच्या एलव्हीएम ३ रॉकेटनं श्रीहरिकोट्यातनं सोडली, २३ ऑक्टोबर २०२२ ला रात्री १२:०७ ला आणि २६ मार्च २०२३ ला सकाळी ९ ला, दोन्ही वेळा ३६-३६. ती १२०० किलोमीटरवर असतात, साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत, तिथं लाइव्हच बघायचं. मी त्या ऐन दिवाळीच्या रात्री बघत बसलो होतो, एकेक गट सुटत गेला आणि शेवटी ३६ पूर्ण झाली तेव्हा झोपलो. ॲमेझॉनची पहिली २७ सॅटेलाइट एप्रिल २०२५ मध्ये गेली, त्यांची वेळ काढायची पद्धत हीच.

आणि पोराला एक सांगून ठेवा, आकाशात काही चमकलं की स्टारलिंकच असं नसतं. २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रात खूप लोकांनी जळत जाणारे तुकडे बघितले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडलेली सापडली. ते चिनी रॉकेटचा जुना टप्पा परत वातावरणात आल्याचं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं होतं. जळणारी वस्तू शेपटी सोडते आणि तिचे तुकडे पडतात, माळ मात्र शांत चालते आणि रंग बदलत नाही.

जागेचं म्हणाल तर विश्रामबागेतनं पण दिसेल, फक्त मिरज रोडचे दिवे डोळ्यात येणार नाहीत असा गच्चीचा कोपरा धरा. बाहेर जायचंच असेल तर दंडोबाच्या बाजूला अंधार चांगला आहे, पण उसाच्या फडाच्या कडेला पोराला घेऊन उभ्या राहू नका, साप असतात आणि आपल्याकडं बिबट्याचं आता काही सांगता येत नाही. गच्चीवर दिवसाच खडूनं उत्तर-दक्षिण रेघ मारून ठेवा, अंधारात मोबाइल काढून होकायंत्र बघायला लागलं की डोळे दिपतात आणि नेमकं तेव्हाच माळ जाते. दुपारनंतर वळवाचे ढग पश्चिमेला चढलेत का तेही बघा.

मग शनिवारी असं करा. सकाळी ५:४० ला उठलात तर इंधन भरणं सुरू झालंय का बघा, नाही झालं तर नवीन वेळ काय दिलीय ते. उडालं की मिनिट लिहून ठेवा. सात-सव्वासातपर्यंत सॅटेलाइट सुटल्याचं कळेल. ठरलेली वेळ ६:१० धरून प्रत्यक्ष वेळेशी फरक काढून संध्याकाळच्या अंदाजात मिळवा आणि आलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोराला वर घेऊन जा, मोबाइल खाली ठेवून. उडाल्याचा मिनिट आणि लाँचच्या नावातला ग्रुप नंबर इथं टाकलात तर मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सांगलीसाठी दिशा आणि उंची काढून लिहितो, म्हणजे कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं ते पोराला आधीच सांगता येईल.